स्केटिंग रिंकवरची थंडीतली सकाळ: पळती पोरं कागदावर कशी उतरवायची?

कृष्णाकाठ

डिसेंबर-जानेवारीत सांगलीत रॅपिड स्केचिंगला सगळ्यात चांगली जागा कुठली असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर घाट नाही आणि आयर्विन पूलही नाही. मुलांची स्केटिंग रिंक. घाटावरून वर येणारा माणूस एकदा पायऱ्या चढून गेला की गेला. आमराईत फिरणारे परत येतात, पण दहा मिनिटांनी. रिंकवर तेच पोर, त्याच ढबीत, अर्ध्या-पाऊण मिनिटात पुन्हा समोरून जातं. हलती माणसं काढायला शिकताना याहून मोठी सोय नाही. म्हणून हा धागा. प्रत्येकाने आपापल्या हातखंड्याची भर घालावी.

सुरुवात मी करतो.

पहिली गोष्ट, बाह्यरेषा काढू नका. पोर पळत असताना त्याच्या कडेकडेने पेन फिरवत गेलात तर खांद्यापर्यंत पोचेपर्यंत पाय निघून गेलेले असतात, आणि चित्रात वरचा माणूस एका क्षणाचा, खालचा दुसऱ्या क्षणाचा होतो. आधी एकच रेघ काढायची. डोक्यापासून कमरेतून, ज्या पायावर भार आहे त्या पायाच्या चाकापर्यंत. मी तिला तोलरेषा म्हणतो. ती वाकडी असेल, तिरकी असेल, पण ती चुकली की पुढचं सगळं चुकतं. ती बरोबर आली तर हात कुठेही लागले तरी आकृती पळते.

दुसरं, रिंकवर सगळीकडे बघायचं नाही. एकच ठिकाण ठरवायचं, उदाहरणार्थ वळण संपून सरळ भाग सुरू होतो तो खांब. तिथे येणाऱ्या प्रत्येकाकडे एक सेकंद बघायचं, डोळे मिटायचे, मिटल्या डोळ्यांपुढे जे उरतं तेवढंच कागदावर टाकायचं. डोळे उघडे ठेवून बघत राहिलात तर पुढची हालचाल आधीची पुसून टाकते.

तिसरं, एका पानावर एकच आकृती पुरी करायच्या मागे लागू नका. पाच-सहा अर्धवट आकृत्या उघड्या ठेवा, प्रत्येकीची उंची ५ ते ६ सेंटीमीटर. एक ढकलणारी, एक सरकणारी, एक पाय ओलांडणारी. पहिल्या फेरीला तोलरेषा आणि डोकं, दुसऱ्या फेरीला कंबर आणि भाराचा पाय, तिसऱ्या फेरीला मोकळा पाय, मग हात, मग हेल्मेट. दुसऱ्या फेरीला तेच पोर नाही आलं तरी चालतं. साधारण त्याच वयाचं, त्याच अवस्थेतलं कुणीही घ्या. आपण कुणाची तसबीर काढत नाही, तोल काढतोय.

नवा_कागद

दादा, मस्त धागा. एक शंका. माझ्या आकृत्या तोलरेषा काढूनही उभ्या ठोकल्यासारख्या दिसतात. वळणावरची मुलं झुकलेली असतात हे डोळ्यांना दिसतं, पण कागदावर येत नाही. आणि पेन्सिल घ्यावी की पेन?

घाटपायरी

@नवा_कागद, झुकाव न येण्याचं कारण बहुतेक तुमची बसायची जागा आहे. वळणाच्या बाहेरून किंवा मधोमध उभं राहून बघितलं तर पोर तुमच्यापासून लांब किंवा तुमच्याकडे झुकलेलं असतं. तो झुकाव बाजूने दिसतच नाही, आकृती फक्त थोडी बुटकी वाटते. वळणातून बाहेर पडणारी मुलं ज्या दिशेने सरळ अंगावर येतात, त्या टोकाला कठड्यामागे उभे राहा. फेऱ्या घड्याळाच्या उलट्या दिशेने चालतात, म्हणजे स्केटरचा डावा खांदा रिंकच्या मध्याकडे. समोरून येताना तो तुमच्या उजव्या हाताला झुकलेला दिसेल. आता पेन डोळ्यांसमोर अगदी उभं धरा आणि त्याच्याशी तोलरेषेचा कोन ताडून बघा. आपल्याला वाटतो त्यापेक्षा झुकाव बराच जास्त असतो, आणि हात तो नेहमी कमी करून काढतो. त्यामुळे जेवढा वाटला त्याहून थोडा जास्तच काढा.

ठोकल्यासारखं दिसण्याचं दुसरं कारण म्हणजे उभ्या माणसाचा नियम पळत्याला लावणं. उभ्या माणसाच्या मानेच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो भाराच्या पायावर पडतो. वळणावरच्या स्केटरचा ओळंबा चाकांवर पडत नाही, चाकांच्या आत, वळणाच्या मध्याकडे पडतो. वेग त्याला बाहेर ढकलतो, झुकाव आत खेचतो, दोन्ही मिळून तो उभा राहतो. सवयीने आपण पाय परत धडाखाली सरकवतो आणि तिथेच चित्र मरतं. ओळंबा पायांपासून सुटा, आतल्या बाजूला पडू द्या.

पाय ओलांडण्याची अवस्था सगळ्यात देखणी. बाहेरचा, म्हणजे उजवा पाय डाव्याच्या पुढून आत पडतो आणि डावा पाय मागून बाहेरच्या बाजूला ताणला जातो. पायांची फुली होते तो क्षण पकडा. पुढचा गुडघा चांगला दुमडलेला, मागचा पाय जवळजवळ सरळ. दोन्ही गुडघे सारखे वाकवलेत तर पोर बसायला चाललंय असं दिसतं.

शाईदौत

पेन्सिल की पेन, यावर ठामपणे सांगते: पहिला महिनाभर साधा निळा बॉलपेन आणि पाठकोरे कागद. खोडता येत नाही, म्हणून हात पुढे जातो. बॉलपेन हलका धरला तर पेन्सिलीसारखी फिकट रेघ देतो, दाबला तर गडद, म्हणजे तोलरेषा फिकी आणि भाराचा पाय गडद हे एकाच पेनात होतं. टोकाला शाईचा गोळा जमतो तो दर दोन-चार मिनिटांनी फडक्याला पुसायचा, नाहीतर नेमका चेहऱ्यावर पडतो.

पुढे फाउंटन पेन. इथे शाईची निवड महत्त्वाची. नेहमीची निळी शाई पाण्यात विरघळते. वरून रंगाचा हात दिला की रेघ पसरते. हा दोष नाही, उपयोग आहे: ओल्या कुंचल्याने रेघेची सावलीकडची बाजू ओढली की वेगळा रंग न घेता छाया मिळते. रेघ जशीच्या तशी राहायला हवी असेल तर फाउंटन पेनसाठी बनवलेली वॉटरप्रूफ शाई घ्या, आणि पेन वाळू देऊ नका. आठवड्यातून एकदा निब आणि फीड (निबेखालचा, तिला शाई पुरवणारा भाग) साध्या पाण्याने धुवा. ड्रॉइंगची बाटलीतली काळी इंडियन इंक मात्र फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका. तिच्यात लाखेसारखं बांधणारं द्रव्य असतं, ते आत वाळलं की पेन गेलं. ती दौतीत बुडवायच्या टाकाला आणि कुंचल्याला.

कागद: नुसतं पेन असेल तर १०० ते १३० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुरतो. वर जलरंग द्यायचे असतील तर २०० च्या वर, नाहीतर कागद फुगतो आणि पुढचं पानही खराब होतं.

पाठकोरा

शाईदौत ताईंना पूर्ण अनुमोदन, फक्त नदीकाठच्या थंडीचा मुद्दा राहिला. सकाळी कृष्णेवर धुकं असेल तर कागद सादळतो. हाताला कळत नाही, पण पेनाला कळतं. निब तंतू ओढते, शाई फुटते, रेघेला केस येतात. कडक पेन्सिलीने नुसते चरे पडतात आणि खोडायला गेलं तर कागदाची साल निघते.

उपाय सोपे आहेत. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि बसल्यावरच काढा. ऊन येईपर्यंत पहिला अर्धा तास बॉलपेन किंवा २बी पेन्सिल, फाउंटन पेन नंतर. वहीमागे कडक पुठ्ठा आणि दोन बाजूंना दोन क्लिपा, कारण सादळलेलं पान हवेने लगेच दुमडतं. या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सव्वासात ते साडेआठ हा खरा वेळ. तेव्हा सावल्या माणसाच्या तिप्पट किंवा त्याहूनही लांब असतात, नंतर आखडत जातात.

सावलीबद्दल दोन शब्द, कारण निम्मी रेखाटनं इथे बिघडतात. चाकांखाली सावली दिली नाही तर पोर हवेत तरंगतं. पण बुटाच्या तळव्याला चिकटवून काळा पट्टा ओढला तर चाकंच नाहीशी होतात. तळवा आणि जमीन यांच्यामध्ये चाकांच्या उंचीची फट असते आणि सकाळी तिच्यातून ऊन आरपार जातं. ती उजळ फट पांढरी सोडा, तिच्याखाली चाक जिथे टेकतं तिथे गडद ठिपका, आणि तिथून लांब सावली सुरू करा. उचललेल्या पायाची सावली पायाला जोडायची नाही, ती जमिनीवर थोडी सुटी पडते. तेवढ्या सुटेपणाने पाय उचललेला आहे हे आपोआप कळतं.

वारणेची_वाट

चाकांचा विषय निघालाच आहे तर स्केटचे दोन प्रकार वेगळे ओळखा. क्वाडला दोन पुढे, दोन मागे अशी चार चाकं असतात, पुढे रबरी स्टॉपर. याचा टेकू रुंद आणि आखूड, त्यामुळे घोटा सहसा सरळ राहतो. इनलाइनला तीन किंवा चार चाकं एकाच रांगेत. घोटा आत-बाहेर कलंडतो आणि नवशिक्यांचे तर दोन्ही घोटे आत पडलेले असतात. समोरून काढताना क्वाडचं चाक म्हणजे दोन उभे ठोकळे, इनलाइनचं म्हणजे एक बारीक पट्टी. चार चाकांचे चार गोल काढत बसू नका, एक गोल स्पष्ट, बाकीचे सुचवायचे.

आता शरीराकडे. नवशिकं पोर आणि तयार पोर यांत फरक वेगाचा कमी, सांध्यांचा जास्त. नवशिक्याचे गुडघे ताठ, नितंब मागे, हात पसरलेले, नजर स्वतःच्या पायावर. पावलं आखूड आणि पुढच्या दिशेने, चालल्यासारखी. तयार मुलाचं नाक, भाराच्या पायाचा गुडघा आणि त्याच पायाच्या बुटाचं टोक जवळजवळ एका उभ्या रेषेत येतं. तो मागे ढकलत नाही, बाजूला ढकलतो. चाक लांबीच्या दिशेने घरंगळतं, आडवं घरंगळत नाही, म्हणून जोर आडवाच लावावा लागतो. चित्रात मोकळा पाय सरळ मागे काढला तर ते पोर स्केटिंग करत नाही, नुसतं धावतंय असं दिसतं. ही चूक सगळ्यात जास्त आढळते.

थांबण्याची ढब: मागचा पाय पुढच्याच्या टाचेशी आडवा, इंग्रजी टी अक्षरासारखा, भार पुढच्या पायावर. पडण्याची ढब: न शिकलेलं पोर मागे बसकण मारतं, शिकलेलं पुढे गुडघ्याच्या पॅडवर पडतं.

नवा_कागद

@वारणेची_वाट, बाजूला ढकलणं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आता जुन्या वह्या काढून बघितल्या, सगळी मुलं धावतायत.

अजून एक. माझी मुलं मोठ्या माणसांसारखी दिसतात, फक्त लहान काढलेली. आणि लांबची मुलं जमिनीत रुतल्यासारखी.

घाटपायरी

दोन्हींची उत्तरं मोजमापात आहेत.

मोठा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा. सहा-सात वर्षांचं मूल सहाच्या आसपास. त्यावर हेल्मेट चढलं की डोकं वाढतं आणि गुडघे वाकले की उंची घटते, म्हणजे रिंकवर ते जेमतेम पाच हेल्मेटांचं उरतं. हेल्मेट धिटाईने मोठं काढा. बूटही मोठे काढा. वर आणि खाली वजन, मध्ये काटकुळे पाय आणि त्यांवर पॅडची फुगीर बोंडं, हाच तर त्या वयाचा आकार आहे. मानेला जागा ठेवू नका. स्वेटरची कॉलर आणि हेल्मेटचा पट्टा यांत मान दिसतच नाही.

रुतण्याचं कारण क्षितिजरेषा. ती नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. पानावर आधी फिकी आडवी रेघ मारा. तुम्ही उभे असाल तर तुमच्याच उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे, ती जवळ असोत की लांब, त्या रेघेवर येतात. मुलांसाठी पायापासून त्या रेघेपर्यंतच्या उंचीचे पाच भाग करा, हेल्मेट साधारण चौथ्या भागापर्यंत पोचतं. जवळच्या मुलाला हे लागू, लांबच्यालाही लागू.

त्याहून सोपं म्हणजे बाकावर बसा. बसल्यावर आपले डोळे जमिनीपासून ११० ते १२० सेंटीमीटरवर येतात आणि चाकांवर उभ्या असलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाचेही तिथेच. मग सगळ्या लहान मुलांची डोकी एका रेघेवर ओळीने बसतात, आणि कठड्याशी उभ्या आईवडिलांना तीच रेघ छातीशी कापते. मांडणीचा निम्मा गुंता इथेच सुटतो.

रिंकचं वळण काढताना सगळे ते फार उघडं काढतात, वरून बघितल्यासारखं. मग रिंक भिंतीला टेकवलेल्या परातीसारखी दिसते. बाकावरून ते वळण खूप चपटं दिसतं. हात लांब करून पेनाने रुंदी आणि उंची मोजा, मगच काढा.

शाईदौत

कठड्याकडच्या माणसांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ती चित्राचा खुंटा आहेत. सगळंच पळणारं काढलं तर कशालाच वेग दिसत नाही. मफलर गुंडाळलेले आजोबा कठड्यावर कोपर टेकून उभे, आई एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हातात बुटांची पिशवी धरून, चहाच्या टपरीवर वाफेत तोंड घातलेले वडील, भडंगाची पुडी उघडणारं धाकटं भावंडं. ही माणसं दोन-तीन मिनिटं हलत नाहीत, म्हणून तपशील यांच्यावर खर्च करा: शालीच्या घड्या, कानटोपीची शिवण, कोपराचा कोन. पळणाऱ्या मुलांना चार-पाच रेघांवर ठेवा. तपशिलातला हा फरकच वेग दाखवतो. पळणाऱ्यामागे जोरजोरात आडव्या रेघा ओढायची गरज पडत नाही.

बूट बांधणारी मुलं विसरू नका. कडेच्या पायरीवर वाकून, एक गुडघा वर, जीभ बाहेर, लेस दोन मुठींत ताणलेली. पहिलाच दिवस असेल तर तिथूनच सुरुवात करा.

पाठकोरा

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला स्मरणचित्र घोटलेल्यांसाठी एक इशारा. ती परीक्षा उत्तम आहे, मांडणी शिकवते. पण तिच्यासाठी आपण काही आकृत्या पाठ करतो: बाजूने चालणारा, पाठमोरी बाई, फुगेवाला. रिंकवर हात घाईत असला की तीच पाठ आकृती बाहेर येते आणि तिला फक्त चाकं लावली जातात. ओळखायची खूण: पानावरची तीन डोकी सारख्याच कोनात असतील तर तुम्ही बघणं थांबवलंय. त्या पानावर काट न मारता शेजारी एकाच अवस्थेच्या पाच तोलरेषा काढा, बाकी काही नाही.

गर्दीतली माणसं कशी गुंफायची हे बघायचं असेल तर धुरंधरांची चित्रं बघा. महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म कोल्हापूरचा, १८६७. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात त्यांचं काम आहे. ते संग्रहालय उभारणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. तिथे छोटी वही घेऊन जा आणि रंग, दागिने सोडून फक्त माणसांचे तोल आणि कोण कुणाला झाकतंय एवढंच बघा.

नवा_कागद

जानेवारीत शिमल्याला जाणं ठरतंय. तिथल्या बर्फाच्या रिंकवर हेच सगळं चालेल ना?

वारणेची_वाट

तोलाचं सगळं चालेल, साधनांचं नाही.

शिमल्याची रिंक उघड्यावरची, १९२० साली सुरू झालेली. रात्री पाणी मारून नैसर्गिक थंडीने बर्फ धरू देतात, म्हणून आकाश निरभ्र नसेल तर बर्फ नीट धरत नाही आणि सत्र रद्द होऊ शकतं. सत्रं सकाळी आणि संध्याकाळी. दुपारच्या उन्हात बर्फ मऊ होतो.

शून्याखाली जलरंग कागदावरच गोठतात, त्यांचे फुलोरे उठतात. बॉलपेनची शाई घट्ट होऊन रेघ तुटते. पेन्सिल मात्र कुठल्याही थंडीत चालते, तेव्हा २बी, ४बी आणि ६बी न्या. रंग द्यायचेच असतील तर मुक्कामावर येऊन द्या. हातमोजा हवाच, पण अंगठा आणि पहिली दोन बोटं कापलेला.

बर्फाच्या स्केटला चाकं नाहीत, पातं असतं. फिगर स्केटच्या पात्याला पुढे दाते असतात, हॉकीच्या स्केटला नसतात आणि त्याचं पातं दोन्ही टोकांना वर वळलेलं असतं. पात्याचा तळ मधून किंचित पोकळ, म्हणून त्याला आतली आणि बाहेरची अशी दोन धारा. स्केटर बहुतेक वेळ एका धारेवर झुकलेला असतो, त्यामुळे त्याचा मार्ग सरळ नसून कमानीसारखा जातो. त्या कमानीचा चरा बर्फावर उमटलेला दिसतो. आधी तो चरा काढा, मग त्याच्या टोकावर माणूस. झुकाव आपोआप बरोबर येतो.

बर्फ रंगवू नका. कोरा कागद हाच बर्फ. फक्त सावल्या आणि पायाखालचं फिकट, खाली ओघळलेलं प्रतिबिंब द्या. सिमेंटच्या रिंकवर प्रतिबिंब नसतं, सावली असते. बर्फावर दोन्ही असतात, आणि त्या वेगवेगळ्या दिशांना पडतात: सावली सूर्याच्या विरुद्ध, प्रतिबिंब मात्र थेट पायाखाली.

कृष्णाकाठ

एक महत्त्वाचं राहिलं. ही लहान मुलं आहेत. बसण्याआधी प्रशिक्षकांना आणि कठड्याशी असलेल्या पालकांना वही दाखवून विचारा. कुणी नको म्हटलं तर त्या मुलाकडे बघायचं नाही, विषय संपला. चेहरे ओळखू येतील असे काढू नका. ५ सेंटीमीटरच्या आकृतीत नाकडोळ्यांना जागा नसतेच, हेल्मेटची कड आणि हनुवटी पुरते. मोबाइलवर फोटो काढून घरी बघून काढू म्हणाल तर तेही टाळा. पालकांना ते आवडत नाही, आणि गोठलेल्या फोटोत तोलरेषा दिसत नाही, फक्त कपडे दिसतात.

रिंकच्या आत पाय टाकू नका आणि बाहेर पडायच्या फटीसमोर बसू नका. ब्रेक न जमणारी मुलं तिथेच येऊन आदळतात.

नवा_कागद

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो: सिमेंटच्या रिंकवर रंग किती द्यायचा?

शाईदौत

दोन हात, त्यापुढे नाही. थंडीत आणि दमट हवेत पहिला हात वाळायलाच दहा-पंधरा मिनिटं लागतात, तिसरा द्यायला गेलं की चिखल होतो. पहिला हात सगळ्या सावल्यांचा, एकाच मिश्रणाने: अल्ट्रामरीन निळा आणि त्यात थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). निळा जास्त ठेवा, सकाळची सावली निळसरच असते. माणसाच्या अंगावरची सावली आणि जमिनीवरची सावली एकाच ओल्या फटकाऱ्यात जोडून घ्या, मध्ये फक्त ती चाकांची फट सोडा. वाळल्यावर दुसरा हात रंगीत कपड्यांचा, तोही तीनच ठिकाणी, म्हणजे एक हेल्मेट, एक मफलर, एक स्वेटर. उन्हातली जमीन कोरी सोडा. आणि रंगाची डबी उन्हात ठेवून बसा, थंडीत वड्या कडक होतात आणि रंग सुटायला वेळ लागतो. बसल्याबसल्या प्रत्येक वडीवर पाण्याचा एक थेंब टाकून ठेवला तर ऊन येईपर्यंत ती तयार असते.